आभाराची किटली

सगळं सुरळीत चाललेलं असताना कुणाच्या तरी मनात येतं, की या बायांना काहीतरी द्यायला पाहिजे. तिथून बिघडायला सुरुवात होते.

नागपूरला धंतोलीतल्या ज्या दवाखान्यात माझी मुलगी काचेच्या पेटीत होती, तिथं एक दुधाची खोली होती. सगळे मिल्क बँक म्हणायचे. पण बँक म्हटलं की मला आधी आधार कार्ड कुठं ठेवलंय ते आठवतं, म्हणून मी आपली दुधाची खोलीच म्हणायची. ज्या बायांना आपल्या बाळाला पाजून वर उरेल एवढं दूध यायचं, त्या तिथं बसून यंत्रानं ते काढून द्यायच्या. मग ते दूध तपासायचे, तापवायचे, गोठवून ठेवायचे, आणि ज्या बाळाच्या आईला दूध नाही त्याच्या पोटात बारीक नळीनं सोडायचे.

माझी मुलगी त्या दुधावर होती. सातव्या महिन्यातच आली ती. पायाचा अंगठा हरभऱ्याच्या डाळीएवढा. मला ताप, वाढलेलं बीपी, सुया, गोळ्या, आणि दुधाचा पत्ता नाही. आम्ही मूळचे आजऱ्याकडचे, इकडं कोल्हापूरच्या पलीकडं म्हटलं तरच लोकांना कळतं. नवरा बुटीबोरीला धाग्याच्या कारखान्यात. आई येते म्हणायची, पण म्हशी कुणावर टाकून येणार? ती रोज फोन करून डिंकाचे लाडू खा म्हणून सांगायची आणि मग स्वतःच रडायची. मग तिची समजूत मी काढायची.

आठवीतनं शाळा सुटली माझी. त्यामुळं दवाखान्यात कुणी काही सांगितलं की आधी मान हलवायची, मग थँक्यू म्हणायचं आणि मग घाबरायचं, असा माझा क्रम. सुई टोचणाऱ्याला थँक्यू, फरशी पुसणारीला थँक्यू, लिफ्टवाल्याला जाताना आणि येताना. नवरा म्हणायचा, "अगं, लिफ्टला पण म्हण की एकदा. वाईट वाटंल तिला."

दुधाच्या खोलीतल्या सिस्टर मलाही रोज यंत्रावर बसवायच्या. बसत राहिलं की येतं कधीकधी, म्हणायच्या. माझी बाटली कोरडी ती कोरडीच. पण त्या खुर्चीवर बसल्यामुळं बाकीच्या बायांना वाटायचं, हीपण देणारीच आहे, जरा कमी दुधाची. मीही काही बोलायची नाही. सिस्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की कुणाचं दूध कुणाला जातं हे विचारायचं नाही आणि आपण घेणारे आहोत हे सांगायचंही नाही. तसंही सगळ्यांचं एकत्रच करतात. नियम म्हटल्यावर मी तो देवाच्या शपथेसारखा पाळला.

दोघींचं दूध सगळ्यात जास्त असायचं. एक उमरेडकडची सून. तिच्या मुलाला कावीळ आणि वर काहीतरी जंतू, म्हणून तो दाखल. ती आत बसायची आणि तिची सासू दाराबाहेरच्या बाकावर, मांडीवर पिशवी घेऊन, आत येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकीला सल्ला देत. मलाही दिला.

"मोठ्या गंजात दूध तापव, त्यात अळीव टाक, अन् पी रोज."

"गंजलेल्या भांड्यात, मावशी?" मी घाबरून विचारलं.

सासू हसून हसून खोकायला लागली. "अवं, गंज म्हंजे पातेलं! कोण्या देशातून आली वं तू?" तेव्हापासून मी तिची 'गंजवाली' झाले.

दुसरी उत्तर नागपुरातली. तिचं बाळ कधीच बरं होऊन घरी गेलं होतं. तरी ती स्कुटीवरून यायची, भर उन्हात, तोंडाला ओढणी गुंडाळून. दूध द्यायची, घटाघटा पाणी प्यायची आणि "चला, येते" म्हणून जायची. कुणी तिला बोलावलेलं नव्हतं. तिच्या पाठीकडं बघून मी मनातल्या मनात थँक्यू म्हणायची. दुसरं काय करणार?

असं चाललं होतं. फ्रीजर भरलेला होता. आणि मग किटल्या आल्या.

पाठवणारा माणूस वाईट नव्हता, हे सांगायला पाहिजे. शहरातले एक मोठे व्यापारी. त्यांचा नातू म्हणे याच खोलीतल्या दुधावर जगला होता. त्यांना उपकार फेडायचे होते. म्हणून त्यांनी दूध देणाऱ्या प्रत्येक बाईसाठी स्टीलची एक छोटी किटली पाठवली. कडीची, झाकणाची, चकचकीत. वर स्टिकर, 'दूधदात्री मातेस सप्रेम भेट', आणि खाली त्यांच्या दुकानाचं नाव. दुधाला किटली! कुणीतरी किती विचार केला असेल, असं मला वाटलं. आमच्या घरी अशाच किटल्या घेऊन मी सकाळी डेअरीवर धावायची. मी ती हातात घेऊन कडी वाजवून बघितली. तिला आमच्या घरचा वास आला. "किती छान आहे ओ सिस्टर," मी म्हटलं. सिस्टरही खूश. म्हणाल्या, "बघा आता, बाया आणखी येतील."

आल्या की. त्याच दिवशी उमरेडच्या सुनेला पहिली किटली मिळाली. ती घेऊन बाहेर गेली. सासूनं हातात घेतली, झाकण काढलं, आत पाहिलं, उलटी करून झटकली.

"रिकामी हाये."

"हाव, आई."

"काहून देल्ली?"

"दूध देल्लं म्हून."

सासू उठून दारात आली. "सिस्टरबाई, माह्या सुनेले म्हैस समजले का तुम्ही?"

"अहो आजी, भेट आहे ती. प्रेमानं दिली."

"प्रेमानं द्याचं त रिकामं भांडं देते का कोणी? अन् तेही लेकुरवाळीले? दुधाच्या बाईले?" तिनं किटली टेबलावर आदळली. "डेरीवाला देते अशी बरणी. आम्ही डेरीत दूध घालाले नाही आलो."

आत दोघीचौघी फिस्सकन हसल्या. सून मान खाली घालून उभी. माझ्या मनात आलं, की भांडं रिकामं परत करू नये, चिमूटभर साखर तरी टाकावी, हे आमच्याकडंही आहेच की. मग मलाच कसं सुचलं नाही? मला वाटलं होतं ती डेअरीची किटली आहे म्हणून छान, आणि त्यांना वाटलं ती डेअरीची आहे म्हणून अपमान. भांडं एकच.

त्या संध्याकाळी सुनेचं दूध कमी आलं. येणारच! सासूनं दिवसभर तिला बोलून बोलून अर्धमेली केली होती. पण सासूच्या मते किटलीनं आटवलं. दुसऱ्या दिवसापासून सून आत यायची बंद झाली.

स्कुटीवालीचं वेगळंच झालं. व्यापाऱ्यांना प्रत्येक किटलीचा फोटो पाठवायचा, असं वरून ठरलं होतं. सिस्टर मोबाईल धरून उभ्या. "ताई, किटली जरा वर धरा. स्टिकर दिसू द्या."

"फोटो कायले?"

"त्यांना पाठवायचा असतो."

"मी दूध देऊन राहिली का जाहिरात करून राहिली?" ती रागावलेली नव्हती, हसतच बोलत होती. त्यामुळं ते जास्त लागलं. "सिस्टर, ऑक्टोबरात दीक्षाभूमीवर लोक येतेत ना, गावागावातून, तवा आमची वस्ती त्याईले जेवू घालते. जेवलेला माणूस हात धुवून जाते, आम्ही दुसऱ्याले वाढतो. त्याच्या हाती ताट देऊन फोटो नाही काढत. मले किटली नको."

"पण घ्यावी लागेल हो. दिली की दाखवावी लागते."

"मंग दूधच नाही देत. झंझट खतम." ओढणी गुंडाळून ती गेली. 

आणि किटलीसाठी ज्या नव्या आल्या त्यांचं काय सांगावं? एक बाई बाटलीचा तळ ओला झाला की, "झालं का सिस्टर? किटली?" एकीनं स्वतःला घेतली आणि नणंदेसाठी दुसरी मागितली. नणंदेला मूलबाळ नव्हतं. मला हसावं का रडावं कळेना. त्यांना तरी काय बोलणार? गावाहून आलेलं माणूस रिकाम्या हातानं परत कसं जाणार? पण खुर्च्या अडायच्या, यंत्रं अडायची, आणि दाराशी ही रांग. म्हणजे दूध देणाऱ्या बाया वाढल्या आणि दूध कमी झालं. असा हिशेब मी शाळेत शिकले नव्हते, पण पुढं शिकले असते तरी तो सुटला नसता.

सिस्टरांनी खटपट केली. त्यांनी ऐकलं रिकामं भांडं चालत नाही, म्हणून घरून साखर आणून प्रत्येक किटलीत मूठमूठ टाकली. दुसऱ्या दिवशी दुधाच्या खोलीत मुंग्या. जिथं चप्पल काढून, हात धुवून, डोक्याला टोपी घालून जायचं, तिथं मुंग्यांची रांग बायांच्या रांगेला समांतर! मोठ्या डॉक्टरीणबाई बघून गेल्या आणि सिस्टरांचा चेहरा पडला. मग किटल्या कपाटात आणि टॉवेल आले, गुलाबी. तर बाया म्हणाल्या, टॉवेल नको, आमच्या बाजूच्या खाटेवरचीला किटली मिळाली, आम्हाला किटलीच द्या. ज्यांनी किटली घेतली होती त्या टॉवेल मागायला लागल्या. टॉवेलाची बातमी बाकावर पोचली तेव्हा सासू म्हणाली, "पहिले म्हैस केली, आता आंघोळ घालतेत का?"

मला हसू फुटलं, पण ते टिकलं नाही. कारण सकाळीच डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं होतं. साठवलेलं दूध संपत आलं आहे, उद्याचा दिवस निघेल, मग पावडरचं सुरू करावं लागेल, म्हणाल्या. एवढ्या लहान पोटाला ते सोसेलच असं सांगता येत नाही, हेही म्हणाल्या. मी म्हटलं, "थँक्यू, मॅडम."

थँक्यू! कशाबद्दल? जिन्यात येऊन मी स्वतःच्याच गालावर मारून घेतलं.

नवऱ्याला फोन केला. मागं यंत्रांची घरघर. सगळं ऐकून तो म्हणाला, "मग आपण काहीतरी देऊया का त्या बायांना? साडी-बिडी?"

"कुणी कुणाला काही द्यायचं नाही आता!" मी एवढ्यानं ओरडले की लिफ्टवाल्यानं लिफ्ट थांबवली.

त्याच तिरमिरीत मी बाकापाशी गेले. सासू संत्र्याच्या गोळ्या चघळत होती. मला बघून सरकली. "बस वं, गंजवाली. तुनं घेतली का ते बरणी?"

"नाही."

"चांगलं केलं. घेऊही नको. माह्या सुनेचं दूध पाहाय कसं आटलं."

"मावशी," मी म्हटलं, "मला तर कुणी किटली दिली नव्हती. माझं कुठं आलं?"

ती गोळी चघळायची थांबली. "म्हंजे?"

"मला दूधच नाही. पहिल्यापासनं नाही. मी देणारी नाही, मावशी. घेणारी आहे."

"मंग तुही पोट्टी काय पिते?"

"तुमच्या सुनेचं. नाहीतर त्या स्कुटीवालीचं. नाहीतर आणखी कुणाचं. सगळं एकत्र करतात, कसं सांगू? पण उद्या संपतंय."

बोलून गेले आणि मग नियम आठवला.  मला वाटलं, आता ही सगळ्या दवाखान्याला सांगणार, आपल्याला काढून टाकतील, मुलीला पेटीसकट बाहेर ठेवतील. माझं डोकं असंच चालतं.

सासूनं गोळी गिळली. मग चिडली. खरंच चिडली, किटलीवर चिडली होती त्याहून जास्त. "अन् हे आता सांगून राहिली? रोज माह्या बाजूनं जाते, अळीव इचारते, अन् सांगत नाही? आम्हाले वाटलं दवाखाना इकते दूध! फुकटात घेते, बरणी हाती देते, अन् वर इकते. असं कोणाले नाही वाटनार? कोनी पोट्टी पिऊन राहिली, हे कोनी सांगतलंच नाही!"

"सांगायचं नाही असा नियम आहे, मावशी."

"जळो तो नियम. पोरगी हाये म्हणते ना? मंग माह्या नातवाची दूधबहीण झाली ते. आता बहीण उपाशी ठेवाची का?" आणि तिथूनच वॉर्डाच्या दिशेनं, "अवं सूनबाई! काय लोळून राहिली? चल!"

सून धावतच आली. तिला कधीपासून यायचंच होतं, हे तिच्या चालण्यावरूनच कळत होतं.

सिस्टरांनी मला झापलं. सगळ्यांसमोर. "सांगायचं नाही म्हटलं होतं ना? एकदा नाही, पन्नासदा? उद्या कुणाला वाटलं, हिच्या मुलीला दिलं आणि तिच्या मुलाला नाही, तर मी काय उत्तर देऊ?" त्यांचंही खरं होतं. मी मान हलवली. तोंडातून थँक्यू येणार होतं, ते गिळलं. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "त्या स्कुटीवाल्या ताईंना फोन लावते. फोटो बंद केला म्हणून सांगते. वरून कुणी बोललं तर बघू."

ती संध्याकाळी आली. मी वाटच बघत होते. किटलीबद्दल वाईट वाटलं का, असं मी तिला विचारलं. "छे वं," ती म्हणाली. "तुम्ही लोक इतका इचार काहून करता? फोटोचं टेन्शन, अन् लाइन भल्ली मोठी. घरी माहं पोट्टं रडून राहिलं असते. कोनी अर्धा कप देऊन अर्धा घंटा बसते, मी कितीक उभी राहू?" म्हणजे मी धरलं होतं अपमान, दान, तत्त्व, आणि निघाली लाइन. मी तिच्याबद्दल काय काय विचार करून रात्र काढली होती.

आता माझी मुलगी खाटेचा काठ धरून उभी राहते आणि बापाच्या चपला पळवते. पण आठवण आली की मला तीच संध्याकाळ दिसते. मध्ये मी, कोरडी बाटली लावून. एका बाजूला उमरेडची सून, दुसऱ्या बाजूला स्कुटीवाली. आणि दारात सासू, बाकावरून उठून उंबऱ्यावर आलेली, कारण आता तिचा हक्क होता. नाव काय ठेवणार? अजून नाही ठरवलं? असं कसं? वजन किती झालं? राखी पाठवाची बरं, पोस्टानं पाठवली तरी चालते. तू काय खाल्लं आज? नुसता उपमा? स्कुटीवालीलाही तिनं सोडलं नाही. "तुह्या पोराचीही बहीण झाली ते. तीन घरची झाली. लगीन कोन लावून देईन?"

"आजी, पहिले तिले दोन किलोची तर होऊ द्या," स्कुटीवाली म्हणाली.

मला एकीकडून रडू येत होतं आणि दुसरीकडून वाटत होतं, ही बाई आता आयुष्यभर उपम्याचा हिशेब मागणार. न राहवून मी म्हटलं, "मावशी, तुमचे लई उपकार झाले. थँक्यू."

"कोनाले थँक्यू म्हणून राहिली वं? घरच्याले?" ती भडकली. "पुन्हा म्हणशीन त सुनेले उठवून घेऊन जाईन."

मी ओठ दाबून बसले. सून हसली आणि तिची बाटली हलली. "हसू नको, सांडन!" सासू ओरडली. सुनेची बाटली आतापर्यंत कधी एवढी भरली नव्हती.

सिस्टरांनी बाटल्या उचलल्या, उजेडात धरून बघितल्या, आणि तपासायला आत न्यायच्या आधी माझ्याकडं वळून म्हणाल्या, "हे तयार होऊन परवापर्यंतचं निघेल."

"आणि तेरवा?" मी विचारलं.

"तेरवाचं या दोघींना विचारा," त्या म्हणाल्या, "मला कशाला विचारता?" आणि दार लावून घेतलं.

मी उजवीकडं बघितलं. मग डावीकडं. विचारायला तोंड उघडलं, तर दोघी एकदमच म्हणाल्या, "येतो नं!"